‘कॅशे’ : गुप्त साठ्याच्या एका फ्रेंच शब्दाची अर्थसमीक्षा

गोषवारा

लपवून ठेवलेला साठा किंवा साठा लपवण्याची जागा या अर्थाचा मूळ फ्रेंच शब्द इंग्रजीमार्गे संगणकशास्त्र, प्राणिशास्त्र, पुरातत्त्व आणि वृत्तलेखन अशा परस्परभिन्न क्षेत्रांत स्थिरावला आहे. मराठीत तो प्रामुख्याने संगणकाच्या संदर्भात ‘कॅशे’ या रूपाने वापरला जातो. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती, उत्तर अमेरिकेतील फर-व्यापारात त्याला लाभलेला विशिष्ट अर्थ आणि त्यानंतरचे अर्थपरिवर्तन यांची चिकित्सा केली आहे. ‘कॅशे म्हणजे गुप्त साठा’ ही प्रचलित व्याख्या सर्व क्षेत्रांना सारखी लागू पडत नाही, हे दाखवून मराठी पर्यायांचा क्षेत्रनिहाय विचार मांडला आहे.

बीजसंज्ञा : आदान शब्द, व्युत्पत्ती, अर्थपरिवर्तन, परिभाषा, गुप्त साठा.

१. प्रस्तावना

एखादा शब्द परभाषेतून येतो तेव्हा तो आपला सर्व इतिहास बरोबर घेऊन येत नाही. त्याच्या अनेक अर्थांपैकी ज्या अर्थाची तत्काळ गरज असते तेवढाच स्वीकारला जातो आणि उरलेले अर्थ मूळ भाषेत राहतात. ‘कॅशे’ या शब्दाबाबत असेच घडले. संगणकाच्या पाठ्यपुस्तकांतून मराठी विद्यार्थ्याला हा शब्द ‘वेगवान छोटी स्मृती’ या अर्थाने भेटतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तो ‘साफ’ करण्याची वस्तू म्हणून दिसतो. मात्र या शब्दामागे मिझुरी नदीच्या काठी खणलेले खड्डे आहेत, इजिप्तमधील राजांचे लपवलेले देह आहेत आणि अस्वलांच्या कातड्यांबरोबर कुजून गेलेले वनस्पतींचे नमुनेही आहेत, याची त्याला सहसा कल्पना नसते.

शब्दाच्या लेखनातही एक अडचण आहे. इंग्रजी उच्चार प्रमाण मानल्यास मराठीत ‘कॅश’ असे लिहावे लागते आणि मग हा शब्द रोख रकमेच्या ‘कॅश’हून वेगळा ओळखता येत नाही. या कारणाने प्रस्तुत लेखात रूढ झालेले ‘कॅशे’ हेच रूप वापरले आहे. ते रूप भाषिकदृष्ट्या कितपत ग्राह्य आहे, याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

२. व्युत्पत्ती : हाकण्यापासून लपवण्यापर्यंत

फ्रेंचमध्ये ‘काशे’ या क्रियापदाचा अर्थ लपवणे असा असून त्यावरून ‘काश’ हे स्त्रीलिंगी नाम सिद्ध झाले आहे. ‘काश’ म्हणजे लपवण्याची जागा. परंतु हे क्रियापद मुळात लपवण्याचे नाही. लॅटिनमधील ‘आगेरे’ म्हणजे हाकणे, पुढे नेणे. त्याला सहार्थक उपसर्ग लागून ‘कोगेरे’, म्हणजे एकत्र हाकणे, गोळा करणे, भाग पाडणे, असे रूप झाले. त्याच्या भूतकालवाचक धातुसाधितावरून ‘कोआक्तारे’ आणि त्यापुढे बोलीलॅटिनमध्ये ‘कोआक्तिकारे’, म्हणजे दाबून एकत्र करणे, अशी रूपे अभ्यासकांनी मांडली आहेत. यांपैकी शेवटचे रूप लिखित लॅटिनमध्ये आढळत नाही. ते उत्तरकालीन भाषांवरून अनुमानाने सिद्ध केलेले आहे. जुन्या फ्रेंचमधील ‘काशिए’ आणि आजचे ‘काशे’ ही त्याचीच पुढील रूपे होत. ऑक्सितान भाषेत याच धातूचा ‘दाबणे, चिरडणे’ हा अर्थ टिकून राहिला असल्याने या व्युत्पत्तीला पुष्टी मिळते.

मराठी वाचकाला या परंपरेतील एक दुवा विशेष जवळचा वाटेल. लॅटिन ‘आगेरे’ आणि संस्कृत ‘अज्’ (हाकणे) हे धातू एकाच भारोपीय मूळाचे आहेत. संस्कृतात ‘सम्’ उपसर्गासह याच धातूपासून ‘समज’ आणि ‘समाज’ हे शब्द सिद्ध होतात. त्यांपैकी पहिला पशूंच्या समूहासाठी असल्याचे पाणिनीने नोंदवले आहे, तर दुसरा माणसांच्या समूहासाठी रूढ झाला. म्हणजे ‘एकत्र हाकणे’ या एकाच कल्पनेतून संस्कृतात ‘समाज’ निर्माण झाला आणि लॅटिनमार्गे फ्रेंचमध्ये ‘लपवणे’ निर्माण झाले. उपसर्ग भिन्न असले तरी रचनेचे तत्त्व समान आहे.

दाबणे या अर्थापासून लपवणे या अर्थापर्यंतचा प्रवास प्रथमदर्शनी दूरचा वाटतो. मात्र मराठीतच त्याला समांतर उदाहरण आहे. ‘दडपणे’ म्हणजे दाबणे. तरीही ‘प्रकरण दडपले’ किंवा ‘बातमी दाबली’ असे म्हणताना अभिप्रेत असते ते लपवणेच. जे दाबले जाते ते नजरेच्या पातळीखाली जाते, हा अनुभव दोन्ही भाषांतील अर्थान्तराच्या मुळाशी आहे. लपवण्यासाठी जुन्या फ्रेंचमध्ये लॅटिन ‘आब्स्कोंदेरे’पासून आलेला एक वेगळा शब्द प्रचारात होता. स्पॅनिश आणि इटालियन भाषांनी तो कुळशब्द जपला. फ्रेंचमध्ये मात्र ‘काशे’ने त्याची जागा घेतली.

फ्रेंच शब्दकुळात दाबणे आणि लपवणे हे दोन्ही अर्थ शेजारी नांदताना दिसतात. लाखेवर दाबून उमटवलेल्या मुद्रेला ‘काशे’ (मुद्रावाचक नाम) म्हणतात. त्यात दाबण्याचा अर्थ शिल्लक आहे. अंधारकोठडीला ‘काशो’ म्हणतात. त्यात लपवण्याचा अर्थ आहे. राजाच्या मुद्रेने बंद केलेल्या हुकूमपत्राच्या आधारे माणसाला चौकशीविना तुरुंगात टाकण्याची पद्धत फ्रान्समध्ये १७९० मध्ये रद्द झाली. त्या पद्धतीत एकाच कुळातील ‘काशे’ माणसाला ‘काशो’कडे पाठवत असे. लपंडावाच्या खेळाला फ्रेंचमध्ये ‘काश-काश’ असे नाव आहे. याच कुळात मुलांचा खेळही आहे आणि राजाची सत्ताही आहे, ही बाब शब्दाच्या पुढील इतिहासाच्या दृष्टीने सूचक आहे.

३. ‘कॅश’चे तीन निराळे वंश

ध्वनिसाम्यामुळे होणारा एक गोंधळ येथेच दूर करणे इष्ट ठरेल. रोख रकमेच्या अर्थाचा इंग्रजी शब्द लॅटिन ‘काप्सा’, म्हणजे पेटी, या शब्दापासून इटालियन आणि फ्रेंचमार्गे आला. आधी पेटी, मग पैशाची पेटी आणि अखेरीस पेटीतील पैसा असा त्याचा अर्थसंकोच झाला. भारताच्या दक्षिण किनाऱ्यावरील आणि चीनमधील कमी किमतीच्या नाण्यांना युरोपीय लोक जे ‘कॅश’ म्हणत, त्याचा उगम आणखी निराळा आहे. तमिळ ‘कासु’ हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी त्यांच्या पेटीवाचक शब्दासारखा झाला आणि तेथून इंग्रजीत गेला. गुप्त साठ्याचा शब्द या दोहोंपासून स्वतंत्र आहे. हे साम्य मात्र प्रारंभापासूनच फसवे ठरलेले दिसते. १८०४ ते १८०६ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घेणाऱ्या मेरिवेदर लुईस यांनी आपल्या रोजनिशीत गुप्त साठ्यासाठी काही ठिकाणी रोख रकमेच्याच शब्दाचे वर्णलेखन केले आहे.

साठवणुकीच्या शब्दांचे असे देशांतर नवे नाही. मराठीतील ‘खजिना’ आणि इंग्रजीतून आलेला ‘मॅगझिन’ हे दोन्ही शब्द साठवण्याच्या अर्थाच्या एकाच अरबी धातूचे आहेत. पहिला फारसीमार्गे आला, तर दुसरा युरोपची प्रदक्षिणा करून दारूगोळ्याचे कोठार आणि नियतकालिक असे दोन अर्थ घेऊन आला.

४. मिझुरीचा काठ : शब्दाला आकार कोठे मिळाला

फ्रेंच ‘काश’ हा कोणत्याही लपवण्याच्या जागेचा शब्द होता. त्याला विशिष्ट आकार, माप आणि कृती लाभली ती उत्तर अमेरिकेत. कॅनडातील फ्रेंचभाषी फर-व्यापारी आणि सापळे लावणारे शिकारी नद्यांच्या मार्गाने दूरवर जात. परतीच्या वाटेसाठी लागणारे धान्य, दारूगोळा आणि जमवलेली कातडी सर्वत्र वाहून नेणे शक्य नसे. तेव्हा ही सामग्री जमिनीत पुरून ठेवण्याची रीत त्यांनी अवलंबली. त्यांच्या बोलीतून हा शब्द इंग्रजीत आला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे रुळला. कोलोरॅडोतील एका नदीचे ‘काश ला पूद्र’, म्हणजे ‘बंदुकीची दारू लपव’, हे नाव आणि युटामधील ‘कॅश’ खोऱ्याचे नाव त्या व्यवहाराची आठवण देतात.

या खड्ड्याच्या रचनेचे तपशीलवार वर्णन लुईस यांनी जून १८०५ मध्ये मारायस नदीच्या मुखाजवळ लिहून ठेवले आहे. उंचावरील कोरडी जागा निवडून सुमारे वीस इंच व्यासाचे वर्तुळ आखायचे, त्यावरील गवताची थापी अखंड काढून बाजूला ठेवायची, सुमारे एक फूट सरळ खणून पुढे खड्डा हळूहळू रुंद करीत सहा-सात फूट खोल न्यायचा, तळाला व बाजूंना काटक्या, वाळके गवत किंवा कातडी लावून सामान मातीला टेकू द्यायचे नाही आणि शेवटी गवताची थापी पूर्ववत बसवायची, अशी ती पद्धत होती. त्यातील सर्वांत अर्थपूर्ण भाग खणून काढलेल्या मातीचा आहे. ती कापडावर किंवा कातड्यावर गोळा करून नदीत टाकली जाई, जेणेकरून खणल्याची खूण राहू नये. म्हणजे वस्तू लपवणे हे अर्धेच काम होते. लपवल्याची कृती लपवणे हे उरलेले अर्धे काम होय.

या पद्धतीच्या यशापयशाच्या नोंदीही उपलब्ध आहेत. जुलै १८०६ मध्ये परतताना लुईस यांनी मिझुरीच्या मोठ्या धबधब्याच्या वरच्या बाजूस केलेला साठा उघडला, तेव्हा नदीला आलेल्या पुराचे पाणी आत शिरलेले होते. अस्वलांची कातडी नष्ट झाली होती आणि कष्टाने जमवलेले वनस्पतींचे नमुने गेले होते. मिझुरी नदीचा नकाशा मात्र बचावला होता. दुसरे उदाहरण वॉशिंग्टन अर्व्हिंग यांच्या ‘अस्टोरिया’ (१८३६) या ग्रंथात येते. १८११ मध्ये स्नेक नदीच्या काठी विल्सन प्राइस हंट यांच्या तुकडीने नऊ साठे पुरले. पुढील वर्षी रॉबर्ट स्टुअर्ट तेथे पोहोचले तेव्हा त्यांपैकी सहा फोडलेले होते आणि लुटणाऱ्यांनी मागे ठेवली होती ती थोडी पुस्तकेच. कातड्यांच्या वासाने लांडग्यांनी जागा उकरली असावी आणि त्यामुळे माणसांना सुगावा लागला असावा, असा तर्क तेथे केला आहे.

येथे एका प्रचलित समजुतीची चिकित्सा करणे अगत्याचे आहे. शब्द फ्रेंच आहे म्हणून खड्ड्याची कल्पनाही फ्रेंच व्यापाऱ्यांची, असे सहज गृहीत धरले जाते. वस्तुतः मिझुरीकाठच्या मॅन्डन, हिदात्सा आदी शेतकरी जमातींत अरुंद तोंडाची आणि खाली रुंद होत जाणारी धान्याची भूमिगत साठवण युरोपीयांच्या आगमनापूर्वीपासून होती. गिल्बर्ट विल्सन यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिदात्सा शेतीवरील अभ्यासात ‘बफेलो बर्ड वुमन’ या नावाने परिचित असलेल्या हिदात्सा स्त्रीने हे खड्डे कसे खणले जात, गवताने कसे मढवले जात आणि मका, भोपळ्याच्या वाळवलेल्या चकत्या यांची रचना कशी केली जाई, याचे बारकाईने निवेदन केले आहे. हे काम स्त्रियांचे होते. इंग्रजी अभ्यासग्रंथांत त्या खड्ड्यांनाही फ्रेंच शब्दच लावला जातो. परिणामी नाव व्यापाऱ्याचे राहिले आणि ज्यांच्या हातांनी ही विद्या जोपासली त्या स्त्रिया शब्दाच्या आड गेल्या. गुप्त साठ्याच्या शब्दानेच एका ज्ञानपरंपरेला झाकावे, हा या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत गंभीर विरोधाभास म्हणता येईल.

५. प्राणिशास्त्र आणि पुरातत्त्व : हेतूचा प्रश्न

विल्यम क्लार्क हे लुईस यांचे सहप्रवासी. ऑगस्ट १८०५ मध्ये त्यांनी नोंदवलेला एक करडा पक्षी पुढे ‘क्लार्कचा नटक्रॅकर’ या नावाने ओळखला जाऊ लागला. योगायोग असा की हाच पक्षी प्राणिशास्त्रातील ‘कॅशे’चे प्रमुख उदाहरण ठरला आहे. तो दर शरद ऋतूत पाइन वृक्षांच्या हजारो बिया लहान लहान खळग्यांत पुरतो आणि बर्फाच्या दिवसांत त्यांतील बऱ्याच शोधून काढतो. न काढलेल्या बियांतून नवी झाडे उगवतात. व्हाइटबार्क पाइनचा प्रसार तर प्रामुख्याने याच पक्ष्यावर अवलंबून आहे. येथे विस्मरण हा दोष न राहता वनाच्या पुनरुत्पादनाचे साधन बनतो.

गुप्ततेचा घटक प्राण्यांत कितपत आहे, याचे उत्तरही प्रयोगांनी दिले आहे. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये स्क्रब जे या पक्ष्याने काय, कोठे आणि केव्हा लपवले हे लक्षात ठेवल्याचे दाखवून दिले. नेथन एमरी आणि क्लेटन यांच्या २००१ मधील प्रयोगात असे आढळले की, पूर्वी दुसऱ्याचा साठा चोरण्याचा अनुभव असलेला पक्षी लपवताना कोणी पाहत असल्यास नंतर एकांतात तो साठा दुसरीकडे हलवतो. लपवण्याला पाहणारा अपेक्षित असतो, हे शब्दाचे मूलतत्त्व येथे प्रकर्षाने दिसते.

पुरातत्त्वात या शब्दाचा अर्थ उलट दिशेने तपासावा लागतो. १८८१ मध्ये देर अल-बहारी येथे उघडकीस आलेल्या कबरीत सेती पहिला, रामेसेस दुसरा, थुटमोस तिसरा इत्यादी राजांचे देह एकत्र सापडले. कबरी लुटल्या जाऊ लागल्यामुळे पुरोहितांनी ते तेथे हलवले होते. १९०३ पासून जॉर्ज लग्रँ यांनी कर्नाक मंदिराच्या प्रांगणात शेकडो दगडी मूर्ती आणि हजारो कांस्यमूर्ती उत्खनित केल्या. त्या संचयाला फ्रेंच लघुत्वदर्शक रूपाने ‘काशेत’ म्हटले जाते. पहिल्या ठिकाणी हेतू संरक्षणाचा होता आणि दुसऱ्या ठिकाणी मंदिरातील जुन्या पवित्र वस्तूंना आदरपूर्वक जमिनीत ठेवण्याचा होता, असे सामान्यतः मानले जाते. दोन्ही ठिकाणी साठा परत काढून वापरण्याचा विचार गौण आहे. महाराष्ट्रात दायमाबाद येथे १९७४ मध्ये मिळालेल्या रथ, हत्ती, गेंडा व म्हैस या चार ताम्रशिल्पांबाबतही ‘निधी’ किंवा ‘संचय’ हे शब्द वापरताना ठेवणाऱ्याचा हेतू आपण गृहीत धरत असतो. तेव्हा पुरातत्त्वीय लेखनात ‘कॅशे’ हा केवळ वर्णनाचा शब्द नसून ते एक अनुमान आहे, ही जाणीव आवश्यक ठरते.

६. संगणकशास्त्र : रूपकाची कसोटी

१९६५ मध्ये मॉरिस विल्क्स यांनी मुख्य स्मृतीसोबत काम करणाऱ्या लहान, वेगवान स्मृतीची कल्पना मांडली, तेव्हा तिला ‘दास स्मृती’ या अर्थाचे नाव दिले होते. १९६८ मध्ये आयबीएम कंपनीने जाहीर केलेल्या ‘सिस्टिम ३६०’ मालिकेतील ‘मॉडेल ८५’ या यंत्रात अशी स्मृती प्रत्यक्ष बसवण्यात आली. तिची क्षमता सोळा ते बत्तीस किलोबाइट एवढी होती. कंपनीच्या संशोधनपत्रिकेसाठी त्यावरील लेख तयार होत असताना अभियंत्यांनी योजलेली ‘अतिवेगवान बफर’ ही संज्ञा संपादक लाइल जॉन्सन यांना पुरेशी बोलकी वाटली नाही. दुसरी सुचेना तेव्हा त्यांनीच ‘कॅशे’ हा शब्द सुचवला, असा इतिहास नोंदलेला आहे. म्हणजे आज कोट्यवधी यंत्रांत वावरणारी ही संज्ञा एका संपादकाच्या भाषिक असमाधानातून आली.

ही निवड कितपत समर्पक होती? शब्दाचे अर्थघटक वेगळे केल्यास पुढील चित्र दिसते. शिकाऱ्याच्या साठ्यात चार घटक होते : तो इतरांपासून लपवलेला असे, पुढे वापरण्यासाठी ठेवलेला असे, वाटेत दूर कोठेतरी असे आणि त्यातील वस्तू एकमेव असे. संगणकातील साठ्यात यांपैकी दुसरा घटक पूर्णतः टिकला आहे. जी माहिती नुकतीच वापरली ती, तसेच तिच्या शेजारची माहिती, लवकरच पुन्हा लागण्याचा संभव असतो, या अनुभवावरच त्याची उपयुक्तता उभी आहे. पहिला घटक बदललेल्या अर्थाने टिकला. येथे शत्रू नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याला या स्मृतीचा पत्ता माहीत असण्याची गरज पडत नाही, एवढ्याच अर्थाने ती लपलेली आहे. तिसरा आणि चौथा घटक मात्र उलटे झाले आहेत. शिकाऱ्याचा साठा दूर होता, हा साठा प्रक्रियकाच्या सर्वांत निकट आहे. शिकाऱ्याची वस्तू एकमेव होती, येथे असते ती सर्वसाधारणपणे प्रत. साठा बुडाला तर शिकाऱ्याला उपासमार घडे. संगणकाचा साठा पुसला तर काम काही काळ मंदावते, एवढेच.

त्यामुळे ‘कॅशे म्हणजे गुप्त साठा, म्हणून कॅशे स्मृती म्हणजे गुप्त स्मृती’ हे पाठ्यपुस्तकी समीकरण अर्धवट ठरते. ही स्मृती कोणाच्या दृष्टीने गुप्त, हा प्रश्न विचारल्याखेरीज रूपक उलगडत नाही. किंबहुना प्रतीच्या अस्तित्वामुळे शिकाऱ्याला कधीही न पडलेला एक नवा प्रश्न उभा राहतो. मूळ माहिती बदलली आणि प्रत जुनीच राहिली, तर खरे कोणते मानायचे? अनेक प्रक्रियक असलेल्या यंत्रांत सर्व प्रतींचा मेळ राखणे ही संगणकरचनेतील स्वतंत्र अभ्यासशाखाच झाली आहे.

जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ या त्रुटींनी या रूपकाला अनपेक्षित पूर्णता दिली. प्रक्रियक वेळ वाचवण्यासाठी काही आज्ञा आगाऊ पार पाडतो आणि अंदाज चुकल्यास त्यांचे परिणाम रद्द करतो. मात्र त्या दरम्यान कॅशेत आलेली माहिती तेथे राहते. एखादी माहिती किती वेळात मिळते हे मोजून, ती कॅशेत आहे किंवा नाही हे ओळखता येते आणि त्यावरून संरक्षित मजकुराचा अंदाज बांधता येतो, असे संशोधकांनी सिद्ध केले. लुईस यांचे सहकारी खणलेली माती नदीत टाकत होते ते याच भयाने. प्रक्रियकाच्या रचनाकारांनी वस्तू झाकली, परंतु माती तेथेच राहिली. जेथे साठा असतो तेथे साठवण्याची खूणही असते, हे दोन शतकांपूर्वीचे व्यवहारज्ञान अभियांत्रिकीला नव्याने शिकावे लागले.

सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक निकटचा आहे. न्याहाळकाच्या कॅशेत त्याने पाहिलेल्या पृष्ठांचे अंश साठत असतात. साठा त्याच्याच यंत्रात असतो, त्याच्याच वर्तनातून तयार होतो आणि बहुधा त्यालाच अज्ञात असतो. फ्रेंच शिकारी स्वतःचा साठा इतरांपासून लपवत असे. येथे साठा आपल्या धन्यापासूनच लपलेला आहे. याउलट गूगलच्या शोधफलांतून मिळणारी जुन्या पृष्ठांची प्रत सर्वांना खुली होती. बदललेले किंवा काढून टाकलेले लेखन पडताळण्यासाठी अभ्यासक आणि पत्रकार तिचा उपयोग करीत. २०२४ मध्ये ती सोय बंद करण्यात आली. गुप्ततेच्या नावाने ओळखला जाणारा साठा सार्वजनिक पुराव्याचे काम करीत होता आणि तो दिसेनासा झाल्यावरच त्याचे महत्त्व जाणवले.

७. मराठी पर्यायांचा विचार

मराठीत साठवणुकीची आणि लपवण्याची शब्दसंपदा समृद्ध आहे. जमिनीखालच्या धान्यसाठ्यासाठी ‘पेव’, घरातील धान्यासाठी ‘बळद’ व ‘कणगी’, पुरलेल्या द्रव्यासाठी ‘गुप्तधन’, राखून ठेवलेल्या पैशासाठी ‘गंगाजळी’ असे शब्द आहेत. यांपैकी ‘पेव’ हा मिझुरीकाठच्या खड्ड्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद होय. अरुंद तोंड, खाली रुंद होत जाणारा पोटभाग, बाजूंना गवत वा कडब्याचे अस्तर आणि वर मातीने बंद केलेले मुख, हे साम्य लक्षणीय आहे. पेव उघडल्यावर कोंडलेली दूषित हवा बाहेर पडू दिल्याशिवाय आत उतरू नये, हा दंडकही प्रसिद्ध आहे. तथापि ‘पेव’मध्ये लपवण्यापेक्षा टिकवण्यावर भर आहे. शिवाय ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचाराने त्याला एकाएकी उद्भवलेल्या विपुलतेचा अर्थ दिला आहे, जो गुप्ततेच्या अगदी विरुद्ध आहे.

लपवण्याचा अर्थ नेमका व्यक्त करणारे मराठीचे साधन वेगळेच आहे. ‘चोरखिसा’, ‘चोरकप्पा’, ‘चोरदरवाजा’, ‘चोरवाट’ या समासांत ‘चोर’ हे पूर्वपद तस्कराचे वाचक न राहता ‘सहज न दिसणारे’ असा अर्थ देते. हे शब्द कोणत्याही समितीने घडवलेले नाहीत. शिंपी, सुतार आणि गवंडी यांच्या व्यवहारातून ते आले आहेत. या दृष्टीने ‘कॅशे’च्या मूळ अर्थासाठी ‘चोरसाठा’ हा शब्द रचनेच्या अंगाने निर्दोष ठरतो. पण ‘चोरीच्या मालाचा साठा’ असा त्याचा विपरीत अर्थ होण्याचा संभव नाकारता येत नाही.

वृत्तपत्रांत शस्त्रांच्या संदर्भात या शब्दाचे भाषांतर ‘शस्त्रसाठा’ असे केले जाते. त्यात राशीचा अर्थ येतो, लपवण्याचा गळतो. ‘दडवलेला शस्त्रसाठा’ असे विशेषण जोडल्यास अर्थ पूर्ण होतो. पुरातत्त्वासाठी ‘संचय’ हा शब्द हेतूबाबत मौन पाळणारा असल्याने ‘निधी’पेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे. प्राणिशास्त्रात ‘विखुरलेला साठा’ आणि ‘एकत्र साठा’ असा भेद मराठीतून सहज करता येतो आणि तेथे परकीय शब्दाची निकड नाही.

संगणकशास्त्राचा प्रश्न निराळा आहे. ‘गुप्तस्मृती’ हा पर्याय वर दाखवल्याप्रमाणे दिशाभूल करतो आणि ‘शीघ्रस्मृती’ वेगाचा गुण सांगून रचनेचे वैशिष्ट्य वगळतो. स्वतः फ्रेंचांनी या अर्थासाठी ‘पूर्वस्मृती’ अशा धाटणीचा ‘आंतेमेम्वार’ हा शब्द अधिकृतपणे घडवला. व्यवहारात मात्र इंग्रजीतून परतलेला आपलाच शब्द त्यांनी स्वीकारला. मराठीत ‘कॅशे’ हे रूप बहुधा अखेरच्या वर्णाचे दृष्टिनिष्ठ वाचन झाल्यामुळे आले. ते इंग्रजी उच्चाराशी विसंगत आहे म्हणून त्यास अशुद्ध ठरवले जाते. परंतु दोन गोष्टी त्याच्या बाजूने आहेत. एक, रोख रकमेच्या ‘कॅश’पासून ते लेखनात व उच्चारात स्पष्टपणे वेगळे राहते. दुसरी, फ्रेंचमध्ये ‘लपवलेले’ या अर्थाच्या धातुसाधिताचा उच्चार ‘काशे’ असाच होतो. मिखाएल हानेके यांच्या २००५ मधील प्रसिद्ध चित्रपटाचे नावही तेच आहे. म्हणजे चुकीतून सिद्ध झालेले मराठी रूप अजाणता मूळ अर्थाच्या अधिक जवळ पोहोचले आहे. अशा रूढ आणि असंदिग्ध रूपाला केवळ उच्चारशुद्धीच्या आग्रहाने बाद करणे परिभाषेच्या हिताचे नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ‘कॅशे’ या शब्दाचा अर्थविकास हाकणे, एकत्र करणे, दाबणे, लपवणे आणि लपवलेला साठा या क्रमाने झाला आहे. दाबण्यापासून लपवण्यापर्यंतचे अर्थान्तर मराठीतील ‘दडपणे’ या क्रियापदातही दिसते.

२) शब्दाचे मूळ फ्रेंच असले तरी त्याने दर्शवलेली साठवणकला केवळ फ्रेंच नाही. शब्दाची व्युत्पत्ती सांगताना मिझुरीकाठच्या जमातींच्या, विशेषतः तेथील स्त्रियांच्या, ज्ञानपरंपरेचा उल्लेख वगळणे अपुरे ठरते.

३) सर्व क्षेत्रांत समान राहिलेला घटक गुप्तता हा नसून भविष्यातील गरजेची कल्पना हा आहे. पुरातत्त्वात तोही घटक शंकास्पद असतो. गुप्तता मात्र दर क्षेत्रात ‘कोणापासून’ या प्रश्नाच्या उत्तरानुसार बदलते.

४) मराठीत या शब्दाला एकच पर्याय लादू नये. संगणकशास्त्रात ‘कॅशे’, पुरातत्त्वात ‘संचय’, वृत्तलेखनात ‘दडवलेला साठा’ आणि प्राणिशास्त्रात ‘साठा’ अशी क्षेत्रनिहाय योजना अधिक अर्थवाही ठरेल.

वर्गात ही संज्ञा शिकवताना व्याख्येसोबत तिच्यामागील खड्ड्याचे चित्र उभे केले, तर विद्यार्थ्याला स्मृतीची रचनाही समजेल आणि रूपक कोठे लागू पडते व कोठे थांबते हेही उमगेल. माती कोठे टाकली, हा शिकाऱ्याचा प्रश्न आजच्या माहितीच्या साठ्यांनाही तितक्याच गांभीर्याने विचारण्याजोगा आहे.